नवाबसाहेबांच्या नावाखालचा एक शब्द

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी आधी पाकिटावरचा टपालाचा शिक्का बघितला, मग सही, आणि सगळ्यात शेवटी मजकूर. मजकूर असा, की तुम्ही उस्मानाबादच्या कचेरीत जुने उर्दू-फारसी कागद वाचायचं काम केलंत, तर आमच्या दिवाळी अंकासाठी त्या नोकरीबद्दल लिहा. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की यांना माझ्याकडून नेमकं कुणाच्या घराण्याचं काय काढून घ्यायचंय? आमची बायको हलीमा म्हणाली, "लिवा की. कुनाला काय पडलंय तुमच्या घराण्यांचं." तिचंही खरं असावं. तरी सावधगिरी म्हणून माणसांची नावं बदलली आहेत आणि मुख्य गावाचं नाव लिहीतच नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे.

आधी कामाची जात सांगतो. निजामाच्या राज्यात दरबारानं लोकांना जहागिरी दिल्या, इनामं दिली, काहींना खिताब दिले. ज्याला दिलं तो मेला, की पुढचा वारस कोण याची सरकारी चौकशी व्हायची. त्या चौकशीत घराण्यानं दोन कागद आणायचे. एक सनद, म्हणजे मूळ देणगीचा लेख. दुसरा शजरा, म्हणजे वंशाचं झाड. हे झाड उलटं असतं, मूळपुरुष वर आणि फांद्या खाली. मुलांची नावं गोलात लिहायची, मुलींची बहुधा लिहीतच नसत. आणि जो मूलबाळ नसताना मेला त्याच्या नावाखाली एकच शब्द लिहायचा, 'लावल्द'. म्हणजे निपुत्रिक. ती फांदी तिथं संपली, पुढं बघायचं काम नाही.

विलीनीकरण झालं, जहागिरी गेल्या, पण चौकश्या गेल्या नाहीत. उलट वाढल्या. जे जातंय त्यातलं उरलंसुरलं आपल्या नावावर असावं असं प्रत्येकाला वाटायला लागलं. नवे अधिकारी आले ते पुण्याकडचे, विदर्भातले. भले लोक, पण उर्दू उजवीकडून लिहितात की डावीकडून, इथपासून त्यांची तयारी. म्हणून आम्हां दोनचार जुन्या कारकुनांना ठेवून घेतलं. ठेवून घेतलं खरं, पण आमच्याकडं बघायची नजर काही साफ नव्हती. हा निजामाच्या वेळचा माणूस, त्यात मुसलमान, त्यात कागद याच्या एकट्यालाच वाचता येतो, मग हा कुणाचं काय वाचून दाखवेल याचा भरवसा काय? तोंडावर कुणी बोललं नाही. मला 'मुन्शीजी' म्हणायचे आणि माझी भाषांतरं गुपचूप हैदराबादला तपासायला पाठवायचे. एक अक्षरही कधी चुकीचं निघालं नाही. तेव्हापासून मी ठरवलं, की आपल्यावर संशय घ्यायच्या आत आपणच सगळ्यांवर घ्यायचा.

त्याला गिऱ्हाइकंही तशीच भेटली. माकणीकडचे एक देशमुख दहा हात लांब शजरा घेऊन आले. सुरुवात प्रभू रामचंद्रापासून. मी बोट ठेवत ठेवत खाली आलो. रामापासून पणजोबापर्यंत एकही पिढी सुटलेली नव्हती, आणि बापाचं नाव होतं. मधल्या आजोबांचा पत्ता नाही. विचारलं तर म्हणाले, त्यांच्याशी आमचं जरा वाकडं होतं. दुसरे एक गृहस्थ उमरग्याहून आले, औरंगजेबाच्या काळची म्हणून सनद घेऊन. कागद छान तांबूस झालेला. मी नाकाशी नेला. चहाचा वास आला. तो तर नेहमीचाच, खोटा कागद जुना दिसायला लोक त्याला चहा पाजतातच. पण याला वेलदोड्याचाही वास होता. मी म्हटलं, पाहुण्यांसाठी केलेला चहा कागदाला कशाला पाजलात? गृहस्थ कागद गुंडाळून गेले ते परत दिसले नाहीत.

वास हा एक. दुसरं म्हणजे मोहोर. मोहोरेतलं साल कागदाच्या तारखेनंतरचं निघालं की खेळ खलास. पण माझी खरी परीक्षा तिसरी होती, आणि तिच्यावर माझा फार गर्व होता. जुन्या कागदाला कसर लागते, बारीक भोकं पडतात. खऱ्या जुन्या लेखात आधी अक्षर लिहिलं जातं आणि मग कसर लागते, म्हणून भोक अक्षरातून आरपार जातं. खोटं करणारा काय करतो? कुठूनतरी जुना, भोकं पडलेला कोरा कागद मिळवतो आणि त्यावर नव्यानं लिहितो. मग त्याची लेखणी भोकापाशी येऊन थबकते, वळसा घालते, पुढं जाते. चिखलातून जाणारा माणूस डबकं चुकवतो तसं. कागद उजेडात धरला की हा वळसा दिसतो. मी असे कितीतरी कागद धरले आणि कितीतरी लोकांना घरी पाठवलं. सवय अशी लागली, की हलीमा म्हणायची, "पोळीबी उजेडात धरून बघतेत. खा मुकाट्यानं, खरी हाय."

आता नवाबसाहेबांची गोष्ट.

तेरणेकाठी एक गाव होतं आणि तिथं एक लहानसं नवाबी घराणं. खिताब एरवी एका माणसापुरता असतो, तो मेला की खिताबही गेला. पण या घरच्या सनदेत 'नसलन् बाद नसलन्' असे शब्द होते, म्हणजे पिढ्यान् पिढ्या. थोरल्या मुलाकडं आपसूक उतरणारा. घरात सांगायचे, की मूळपुरुषानं लढाईत हुजुरांवर, म्हणजे निजामावर, आलेला तलवारीचा वार अंगावर झेलला. मी सनद वाचली. तिच्यात तलवारीचं नाव नव्हतं. पुरात अडकलेल्या तोफा ओढायला वेळेवर बैल पुरवले, असं लिहिलं होतं. मला तर तेच जास्त मोलाचं वाटलं, पण घरच्यांना बैल आवडत नसत.

शेवटचे नवाबसाहेब विलीनीकरणानंतर हैदराबादला जाऊन राहिले आणि काही वर्षांनी तिथंच वारले. सरकारच्या लेखी तेव्हा खिताबाची किंमत शून्य. पण चौकशीच्या नमुन्यात 'खिताब' असा रकाना छापलेला होता, आणि छापलेला रकाना कारकुनाला मोकळा सोडवत नाही. शिवाय गावात त्या खिताबाला एक अर्थ होता. गावच्या दर्ग्याच्या उरुसात संदलाचं, म्हणजे कबरीला लावायच्या चंदनाचं, ताट पहिलं कोण उचलणार? नवाब. ते ताट ज्याच्या डोक्यावर, तो त्या घरचा वारस, हे गावाला कुठल्याही हुकमाशिवाय कळायचं.

वारस म्हणून नवाबसाहेबांचे पुतणे आले, सिकंदरमियाँ. हैदराबादचा, शेरवानी घातलेला, गोड बोलणारा माणूस. त्यांचा शजरा कापडावर सोनेरी शाईनं काढलेला. त्यात नवाबसाहेबांच्या नावाखाली ऐटदार अक्षरात लिहिलेलं होतं, लावल्द. म्हणजे काका निपुत्रिक, फांदी इकडं वळली. मला माणूस बघताक्षणी पटला नाही. त्यांनी मला अत्तराची कुपी देऊ केली, ती मी टेबलावरून बोटानं परत सरकवली. त्यांचा एकूण एक कागद मी वासानं, नखानं, उजेडात तपासला. सगळे खरे निघाले. खरे निघाले म्हणून मला आणखी संशय आला, पण संशयाला पुरावा लागतो.

आणि मग जैनबबी आली. चाळिशीच्या आतली, उन्हानं रापलेली, पदर घट्ट धरलेली. पिंजाऱ्याची लेक. तिचं म्हणणं असं, की दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत नवाबसाहेबांनी तिच्याशी निकाह लावला, घरच्यांच्या भीतीनं गाजावाजा केला नाही, गावातच वेगळं घर दिलं, आणि तिला त्यांच्यापासून एक मुलगा आहे, युसूफ. नवाबसाहेब गेल्यावर सिकंदरमियाँनी तिला घराबाहेर काढलं होतं. ती भावाकडं उमरग्याला राहत होती आणि वीस वर्षांचा युसूफ तिथं मोटार गॅरेजात ट्रकचे पाटे बसवायचं काम करत होता.

मी तिला विचारलं, खिताब पाहिजे का मुलाला? ती म्हणाली, "खिताब त्येंनाच लखलाभ. ह्येंच्या झाडावर लिवलंय का न्हाय, का त्येंला पोर न्हाय? मग माझं पोर कुनाचं? म्या निकाहाची बायको हाय मुन्शीजी, ठेवल्याली न्हाय. तेवढं सरकारनं लिवावं."

म्हणजे बघा, वरवर हा वाद खिताब कुणाकडं उतरतो याचा होता आणि आतून तो त्या बाईच्या अब्रूचा होता. 'लावल्द' हा शब्द राहिला तर ती ठेवलेली बाई, आणि खोडला गेला तर नवाबाची विधवा. मधलं काही नव्हतं.

तिच्याकडं पुरावा काय? निकाह लावणारे काझी वारलेले. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत त्यांचं घर जळालं, त्यात त्यांच्या वह्या गेल्या. दोन साक्षीदारांतला एक म्हातारपणानं मेला, दुसरा त्याच गडबडीत घरातून बाहेर पडला तो परत आलाच नाही. राहिली काझींनी दिलेली निकाहाच्या नोंदीची एक नक्कल. ती तिनं सुपारीच्या डबीत घडी घालून जपली होती. तिनं ती माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

मी कागद वाचायच्या आधी उजेडात धरला. दोन भोकं होती. आणि शाई दोन्ही भोकांना वळसा घालून गेली होती. एका ठिकाणी तर तिच्याच नावातलं अक्षर भोकाच्या अलीकडं तुटून पलीकडं पुन्हा सुरू झालं होतं. माझ्या मनात तिथंच निकाल लागला. मी कागद नखानं खरवडला, पालथा करून बघितला, वास घेतला, पण ते आपलं रीत म्हणून. ती सगळं टक लावून बघत होती.

तरी कायद्यानं एक काम उरलं होतं. काझी लोक दर महिन्याच्या निकाहांची यादी तालुक्याला पाठवायचे. ती सापडली असती तर प्रश्नच मिटला असता. मी दप्तरखान्यात चिठ्ठी पाठवली. तिथले गुंडेराव फार सज्जन आणि फार आळशी. चिठ्ठी परत आली, 'आढळ होत नाही.' गुंडेरावांच्या 'आढळ होत नाही'वर मी उभ्या जन्मात कधी विश्वास ठेवला नव्हता. दरवेळी स्वतः जाऊन, धूळ खाऊन, कागद काढून त्यांच्या पुढ्यात ठेवायचो. या एका वेळेला गेलो नाही. मला पाहिजे तेच उत्तर आलं होतं, म्हणून ते खरं वाटलं.

त्यात रजईचं प्रकरण झालं. एक दिवस घरी गेलो तर खाटेवर नवीन भरलेली रजई. विचारलं कुठून आली? हलीमा म्हणाली, उमरग्याचा लाडलेभाई पिंजारी आला होता गल्लीत धनुकली घेऊन, त्याच्याकडून भरून घेतली. लाडलेभाई! जैनबबीचा सख्खा भाऊ, तिच्या बाजूचा साक्षीदार म्हणून फाइलीत ज्याचं नाव होतं तो. माझं डोकं फिरलं. अत्तरवाल्यानं निदान कचेरीत येऊन उघड दिलं, हे लोक तर मागच्या दारानं घरात शिरले, असं म्हणून मी रजई गुंडाळली आणि टांगेवाल्याबरोबर त्याच्या उताऱ्यावर पाठवून दिली. नंतर हलीमानं सांगितलं, की तिनं घासाघीस करून, पैसे मोजून रजई भरून घेतली होती. त्या बिचाऱ्याला हे मुन्शीचं घर आहे हेही माहीत नसावं. तो हिवाळा आम्ही जुन्या वाकळेवर काढला. ती रोज अंगावर घेताना हलीमा माझ्याकडं एकदा बघायची. पण मी माझं मत बदललं नाही.

सुनावणीच्या दिवशी डेप्युटी कलेक्टर साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मला म्हणाले, "मुन्शीजी, हा कागद तुम्हीच वाचू शकता. तुमचं मत सांगा." खोली भरलेली होती. सिकंदरमियाँ खुर्चीवर, जैनबबी दाराशी, युसूफ तिच्या मागं, गावचे दहापंधरा लोक. मी उभा राहिलो आणि एखादा मास्तर मुलांना शिकवतो तसं सगळ्यांना समजावून सांगितलं. कागद खिडकीकडं धरला, वळसे दाखवले. म्हणालो, कागद जुना आहे, लिहिणं नंतरचं आहे. लोकांनी माना डोलवल्या. साहेबांनी कौतुकानं बघितलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

जैनबबीला 'लिहिणं नंतरचं' हे कळलं नाही. तिनं विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, हा कागद पुरावा म्हणून धरता येत नाही. ती तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "म्हंजी म्या कोन?"

 त्याचं उत्तर देणं माझं काम नव्हतं. शिपायानं पुढच्या प्रकरणाचा पुकारा केला आणि लोक तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडले. संध्याकाळी सरकारी शजऱ्यात नवाबसाहेबांच्या नावाखाली मी माझ्या हातानं लिहिलं, लावल्द. बोरूचं टोक नवीन कापलं होतं, अक्षर सुरेख आलं.

त्या वर्षी सिकंदरमियाँनी उरुसात संदलाचं ताट उचललं. नावावर आलेली जमीन वर्षभरात विकली आणि पुढच्या उरुसाला ते आलेच नाहीत. त्यानंतर कधीच नाही. गावानं मग पाळ्या लावल्या. मला हे कळलं तेव्हा मी म्हणालो, बघा, माझा त्या माणसावर पहिल्यापासून संशय होताच. 

चार वर्षं गेली. भूम तालुक्यातल्या ईटच्या एका शेतकऱ्याच्या बांधाच्या वादात युद्धाच्या वर्षांतला एक कागद लागत होता. गुंडेराव लेकीच्या बाळंतपणाला रजेवर. म्हणून मी स्वतः दप्तरखान्यात गेलो. भूम तालुक्याचा बस्ता समजून एक तांबडं फडकं सोडलं, तर आत निघाले भलत्याच तालुक्याचे कागद. कुणीतरी बांधताना फडक्यांची अदलाबदल केलेली. बांधायच्या आधी सवयीनं वरचा एक कागद उजेडात धरला. भोकं होती आणि शाई भोकांना वळसा घालून गेली होती. दुसरा धरला, तसाच. तिसरा तसाच. मला हसू आलं. म्हटलं वा, आता अख्खा सरकारी बस्ताच कुणीतरी खोटा केलाय!

मग चौथ्या कागदावरचं अक्षर ओळखीचं वाटलं. ते माझं होतं.

मी तिथंच जमिनीवर बसलो आणि सगळं आठवायला लागलं. युद्धात मी याच, नवाबसाहेबांच्या तालुक्यात कामाला होतो, आणि तेव्हा कागद येईनासा झाला होता. तालुक्याच्या खजिन्यामागच्या खोलीत जुन्या कोऱ्या कागदांचे रीम पडून होते, कसर लागलेले. तहसीलदारांनी हुकूम काढला की हेच वापरा. कचेरीत वापरले आणि काझींनाही तेच दिले. आम्ही नवशिके कारकून भोकं चुकवत लिहायचो आणि कोण जास्त डौलानं चुकवतो याची पैज लावायचो. मी त्यात पटाईत होतो. भोकाला वळसा घालून असा काही लपेटा काढायचो की बडे मुन्शी शाबासकी द्यायचे. हे सगळं मी विसरलो कसा, ते अल्लाच जाणे. युद्ध संपलं, चांगला कागद आला, मी शहाणा झालो, आणि वळसा दिसला की लोकांना खोटं म्हणायला लागलो.

बांधाचा कागद राहिला बाजूला. मी काझींच्या महिनेवार याद्या चाळायला लागलो. घाईत पानं दोनदोन उलटत होती. आणि ती सापडली. वर, पूर्ण नावानं आणि पूर्ण खिताबानं, शेवटचे नवाबसाहेब. वधू, जैनबबी, बापाचं नाव, जात पिंजारी. दोन साक्षीदार. काझींची मोहोर. आणि यादीच्या तळाला तालुक्यात कागद दाखल करून घेणाऱ्या कारकुनाची सही. ती माझी. जिच्या निकाहाची नोंद मी स्वतः हातानं घेतली होती, तिला मी भरल्या कचेरीत खोटी ठरवलं होतं.

त्या दुपारी मी जेवलो नाही. यादी घेऊन नव्या साहेबांकडं गेलो, सगळं सांगितलं, माझी चूक आहे असं लिहून दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, प्रकरण निकाली निघालंय, अपिलाची मुदत गेली, जमीन तिसऱ्याच्या नावावर चढली, आणि मुन्शीजी, आता नवाब राहिलेत कुठं? कायद्यानं त्यांचा शब्दन् शब्द बरोबर होता. माझं टिपण दोन दिवसांनी परत आलं. वर शेरा, 'पाहिले. दप्तरी दाखल.' सरकारी शजऱ्यात 'लावल्द' आजही तसाच असेल. सरकारी कागदावर खाडाखोड करायचा अधिकार मला नव्हता आणि ते पाप मी केलंही नाही. एकदा मनात आलं होतं, ते मात्र कबूल करतो.

मला एवढंच करता आलं. त्या नोंदीची सहीशिक्क्यानिशी नक्कल केली, नव्या कोऱ्या कागदावर, आणि रजा टाकून एसटीनं उमरग्याला गेलो. हलीमानं विचारलं, सोबत येऊ का? मी नको म्हटलं.

गॅरेज हमरस्त्यालाच होतं. युसूफ कुठं भेटेल असं विचारलं तर एकानं ट्रकखाली वाकून हाक मारली, "ओ नवाब, भायेर या, हुजुरांकडं पाव्हणा आलाय." सगळे हसले. त्याचं तिथं तेच नाव पडलं होतं, चेष्टेचं. चार वर्षांत त्या खिताबानं रोज ज्याला हाक मारतात असा माणूस हा एकच उरला होता, तोही ट्रकखाली. तो तेलकट हात पुसत बाहेर आला, मला ओळखलं, आणि मागच्या गल्लीतल्या घराकडं घेऊन गेला.

जैनबबी दारात कापूस निवडत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं, की नोंद सापडली, कागद खरा होता, चूक माझी झाली. आणि नक्कल तिच्या पुढं केली. ती उठली, कागद घेतला, आणि सूर्याकडं तोंड करून तो उजेडात धरला. अगदी मी धरायचो तसा, दोन बोटांनी, कडेला. मग पालथा केला. नखानं कोपरा खरवडला. नाकाशी नेला. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. पण माझं सगळं काम तिनं त्या दिवशी बघून पाठ केलं होतं.  त्यात तिची चेष्टा नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ती खरंच तपासत होती.

शेवटी म्हणाली, "न्हाय मुन्शीजी. कागदाचा भरोसा न्हाय. तवा तुमी तोंडानं सांगितलं, चारचौघांत. आता बी तसंच सांगा."

तिनं युसूफला सांगून लाडलेभाईला बोलावलं, शेजारच्या बायका बोलावल्या, गॅरेजातली ती हसणारी माणसंही आली. गावाकडचे दोघे बाजाराला आले होते, त्यांनाही आणलं. मी दारासमोर रस्त्यावर उभा. आयुष्यात कितीतरी साहेबांपुढं बोललो होतो, पण असं रस्त्यावर उभं राहून कधी नाही. मी म्हणालो, "ही जैनबबी. नवाबसाहेबांची निकाहाची बायको. युसूफ त्यांचा मुलगा. नोंद सरकारी दप्तरात आहे, तिच्यावर माझीच सही आहे. कचेरीत मी सांगितलं ते चूक होतं."

 ज्यानं 'ओ नवाब' म्हणून हाक मारली होती तो खाली बघत होता. लाडलेभाईनं मला बसायला घोंगडी टाकली. रजईबद्दल मी त्याची माफी मागायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, बसा, च्या घ्या. जैनबबीनं चहा केला, कप स्वतः हातात दिला. निघताना तिनं नक्कल मला परत केली. मी म्हटलं, ठेवा, तुमची आहे. ती म्हणाली, "माझं काम झालं. एवड्या मान्सांनी आयकलं. कागद तुमचा तुमी न्या."

मग तो माझ्याकडंच राहिला. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. जैनबबी गेली, गुंडेराव गेले. त्या कचेरीत उर्दू वाचणारं आता कुणी नाही असं ऐकतो. हे लिहायला घेतलं म्हणून परवा ट्रंक उघडली आणि तळातून ती नक्कल काढली. कडुनिंबाचा पाला घातला होता तरी कसर लागलीच आहे. हलीमा शेजारी बसली होती. ती म्हणाली, "धरा उजेडात, किती वेळ नुसतं बघताय?"

धरला. पाचसहा भोकं आहेत. एक नवाबसाहेबांच्या खिताबातून गेलंय, एक माझ्या सहीतून. आणि एक जैनबबीच्या नावातल्या अक्षरातून, अगदी आरपार.